मूसच्या ड्रॉमधलं तिसरं नाव

फॉर्म भरायचा असला की आमच्या ओळखीतली सगळी मराठी मंडळी मला फोन करायची, आणि मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करतो. पीआर कार्डाचं रिन्युअल असो, कुणाच्या आईवडिलांचा व्हिजिटर व्हिसा असो, नाही तर पोराच्या शाळेची कसली भानगड असो, "त्याला विचारा, तो सगळं वाचतो" असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मी खरंच वाचायचो. बारीक अक्षरातलंही वाचायचो. कॅल्गरीच्या डाउनटाउनमध्ये एका तेल कंपनीत पाइपलाइनची ड्रॉइंगं तपासायची माझी नोकरी, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायची सवयच लागलेली. एक फॉर्म मात्र मी न वाचता भरला, आणि वाचल्यावरही तसाच राहू दिला. त्याला आता बरीच वर्षं झाली. बायकोलासुद्धा मी हे कधी धड सांगितलेलं नाही.

तो फॉर्म होता मूसच्या शिकारीचा.

मराठी माणूस आणि शिकार म्हटलं की लोक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात. बघू देत. आमच्या मराठी मंडळात एक काका होते, साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडात आलेले, जिऑलॉजिस्ट. तरुणपणी महिनोन् महिने जंगलातल्या कॅम्पात राहायचे. तिथल्या ड्रिलिंगवाल्या गोऱ्यांनी त्यांना बंदूक धरायला शिकवली आणि काकांना ती गोष्ट जन्मभर पुरली. मंडळाच्या कार्यक्रमात ते मागच्या रांगेत बसायचे. पुढच्या रांगेतल्या बायका त्यांना नावं ठेवायच्या, आणि त्यांच्याच घरचे नवरे दिवाळीनंतर गुपचूप काकांच्या गराजमध्ये जाऊन खिम्याचे डबे घेऊन यायचे. मी पण त्यातलाच. काकू होत्या तोवर त्या हरणाच्या मटणाला असा काही काळा मसाला लावायच्या की विचारू नका. काकू गेल्यावर काका स्वतः करू लागले. चव तशी नव्हती, पण मी जात राहिलो. त्यांचा मुलगा टोरांटोकडे, मुलगी अमेरिकेत. दोघांनाही बंदुकीचं नाव काढलेलं चालायचं नाही.

मला त्यांनी हळूहळू ओढलं. आधी नुसतं बरोबर चल म्हणाले. मग कोर्स कर म्हणाले, मग लायसन्स काढ. साधं हरीण मारायचं असलं तर दुकानात जाऊन टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, विकत घ्यायचा आणि निघायचं, त्यात काही विशेष नाही. मूसचं तसं नव्हतं. मूस म्हणजे हरणाच्याच जातीचा, पण घोड्याहून उंच, आणि नर असला तर डोक्यावर ही एवढी फावड्यासारखी शिंगं. मारायची इच्छा असणारे हजारो, आणि एकेका भागात सरकार टॅग देणार मोजके. म्हणून ड्रॉ, म्हणजे सोडत. दरवर्षी जूनमध्ये अर्ज टाकायचा. नाही लागला तर तुमच्या नावावर एक पॉइंट चढतो. पुढच्या वर्षी ज्यांचे पॉइंट जास्त त्यांची नावं आधी काढतात. एकदा लागला की पुन्हा शून्यावर. काकांना जो भाग हवा होता तिथे सहाएक पॉइंट झाले की माणूस लागायचाच, असा त्यांचा अंदाज होता आणि तो कधी चुकत नसे.

आता नीट ऐका, कारण माझा गुन्हा इथे आहे. त्या जूनमध्ये माझे पॉइंट होते सहा. काकांचे होते आठ. म्हणजे काका एकटे असते तर दोन वर्षांपूर्वीच जाऊन आले असते. ते थांबले होते माझ्यासाठी. ड्रॉमध्ये अशी एक सोय असते की टॅग मागायचाच नाही, नुसता पॉइंट वाढवून घ्यायचा. काकांनी दोन वर्षं ते केलं होतं. मी एकदा म्हटलं, काका, तुम्ही जाऊन या, माझं पुढे बघू. तर म्हणाले, तुझा पहिला मूस तुझ्याच टॅगवर, माझ्याबरोबर; एकट्याने मूस मारून काय करू, उचलायला चार माणसं लागतात आणि खायला दहा. मग विषय बदलून मला गराजमध्ये उभं केलं आणि मादीचा आवाज काढायला शिकवू लागले. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची, नाक थोडं दाबायचं आणि पोटातून हंबरायचं, लांबलचक, शेवटी खाली उतरवत. मी हंबरलो की शेजारचं कुत्रं भुंकायचं. काका म्हणायचे, कुत्र्याला आवडलं, मूसचं बघू.

त्याच वसंतात त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. चहा ओतताना त्यांचा उजवा हात थरथरायचा, ते मी पाहिलं होतं आणि वयावर घातलं होतं. त्यांनीच सांगितलं की डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, पार्किन्सन्स आहे, अजून सुरुवात आहे. गोळी घेतली की चार-पाच तास हात स्थिर राहतो, त्यांनी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन बघितलं होतं. "यंदाचं होईल," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही." हे त्यांनी मला सांगितलं, पोरांना सांगायच्या आधी. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आता साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. टोरांटोजवळ वॉनला एका वेअरहाउसमध्ये सुपरवायझर होता, मंदीत ती नोकरी गेली. मग आम्हीच म्हटलं, इकडे या, कॅल्गरीत बघू काहीतरी. तो, मेव्हणी आणि त्यांची लहान मुलगी आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आले, त्याला त्या जूनपर्यंत वर्ष होत आलं होतं. माणूस वाईट नव्हता. उलट फार चांगला, आणि म्हणूनच बघवत नसे. सकाळी उठून सगळ्यांच्या आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून ठेवायचा, डिशवॉशर लावायचा, माझ्या गाडीचे विंटर टायर मला न विचारता बदलायचा. इंटरव्ह्यूला जायचा आणि हसत परत यायचा. मेव्हणी वर येऊन माझ्या बायकोजवळ रडायची. त्याला कुठेतरी घेऊन जा, माणसात ने, असं बायकोचं माझ्यामागे टुमणं. म्हणून मी त्याला काकांकडे नेऊ लागलो. त्याला ते मानवलं. त्याने कोर्स केला, परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले, ड्रॉसाठी लागणारं कार्ड काढलं. मे महिन्यात आम्ही तिघं रेंजवर गेलो तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पोट धरून हसताना पाहिलं.

तर जूनमध्ये अर्ज टाकायची वेळ आली. काका म्हणाले, आपण दोघं ग्रुपमध्ये टाकू. ग्रुप म्हणजे एकत्र अर्ज, लागला तर सगळ्यांना लागतो, नाही तर कुणालाच नाही. एक जण लीडर होतो, बाकीचे त्याच्या नंबरला जोडले जातात. मी जेवताना घरी हे सांगत होतो. साडू समोर बसला होता. त्याने काही विचारलं नाही, भाताकडे बघत राहिला. बायकोने माझ्याकडे बघितलं. झालं. आता दोघांच्या यादीत तिसऱ्याचं नाव नाही म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगायला नको. लग्नाच्या पत्रिकेत आत्याच्या नवऱ्याचं नाव राहिलं म्हणून आमच्याकडे दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती. मी लगेच म्हणालो, अरे, तुझं पण टाकतोय की, कार्ड देऊन ठेव.

त्याचा चेहरा उजळला. मेव्हणीने त्याच रात्री साताऱ्याला फोन लावला, आणि सासऱ्यांनी माझ्याशी बोलून मला आशीर्वाद दिले. शिकारीला आशीर्वाद देणारे माझे सासरे, कट्टर शाकाहारी. त्यांना जावई कुठेतरी निघालाय एवढंच पुरेसं होतं.

साडूचे पॉइंट अर्थात शून्य. ग्रुपमध्ये कुणाचे आठ, कुणाचे सहा, कुणाचे शून्य, तर कॉम्प्युटर कुणाचे धरणार, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मी स्वतःच त्याचं उत्तर देऊन मोकळा झालो. लीडर काकांना करायचं, म्हणजे पॉइंट काकांचे. आमच्याकडे मोठ्या माणसाबरोबर गेलं की त्याच्या मानाने सगळ्यांना आत घेतात. कुठल्याही ऑफिसात, देवळात, हॉस्पिटलात. मी लहानपणापासून तसंच आत गेलोय. इथेही तसंच असणार, हे मी इतक्या सहज धरून चाललो की नियमांचं पुस्तक उघडलंच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

काकांना फोन केला, साडूचंही नाव घालतोय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मी आजवर ग्रुपमध्ये कधी टाकलं नाही, मला त्यातलं कळत नाही. मग विचारलं, "त्याचे पॉइंट नाहीत, त्याने आपल्याला काही होत नाही ना? बघितलंयस ना तू?"

"हो काका, बघितलंय," मी म्हणालो.

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी लंचमध्ये तिघांच्या कार्डांचे नंबर घेऊन शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो, काउंटरवरच्या माणसाने मशीनमध्ये नंबर घातले, लीडर काका, खाली मी, त्याखाली साडू. पावती घेतली आणि ऑफिसात येऊन सँडविच खाल्लं.

पुस्तक मी उघडलं ते पुढच्या आठवड्यात, सी-ट्रेनमध्ये, वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून. डेडलाइनला तीन दिवस होते. ग्रुपचा नियम एका चौकटीत होता, बारीक अक्षरात नव्हताच, चांगला ठळक. ग्रुपमध्ये ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, ते सगळ्या ग्रुपचे पॉइंट धरले जातील. मी तो इंग्रजी वाक्याचा तुकडा चार वेळा वाचला. लीडर कोण याच्याशी काही संबंध नव्हता. काकांचे आठ, माझे सहा, आणि साडूमुळे आम्ही तिघंही शून्यावर. शून्यावर त्या भागात टॅग लागणं म्हणजे अशक्यच. माझं स्टेशन आलं आणि गेलं, मी पुढच्या स्टेशनवर उतरून मागे चालत आलो.

दुरुस्त करणं अगदी सोपं होतं. डेडलाइनच्या आत जुना अर्ज रद्द करून नवा टाकता यायचा. दुकान ऑफिसपासून दहा मिनिटांवर. साडूचं नाव काढायचं, काका आणि मी दोघांचा टाकायचा, संपलं. त्याला सांगायचं, बाबा रे, नियम असा आहे. तो काही म्हणाला नसता. हसला असता आणि जाऊन डिशवॉशर रिकामा केला असता, आणि तेच मला बघायचं नव्हतं. त्याने आदल्या रविवारी सेलमधून शिकारीची केशरी टोपी आणि बूट आणले होते. बूट घालून बेसमेंटच्या पायऱ्या चढत-उतरत होता, मऊ करायला. मेव्हणी, सासरे, बायको, सगळ्यांचे चेहरे माझ्यासमोरून गेले.

पण खरं सांगू का, तेही कारण मी पुढे केलेलं आहे. साडूला सांगणं मला जमलं असतं. जमत नव्हतं ते काकांना सांगणं. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, बघितलंयस ना, आणि मी हो म्हणालो होतो. आता फोन करून काय म्हणू, की बघितलं नव्हतं? मी, ज्याला सगळं मंडळ विचारतं? लाज वाटली, आणि ती लाज मला काकांच्या हातापेक्षा मोठी वाटली. तीन दिवस मी मूग गिळून बसलो. पहिल्या दिवशी म्हटलं उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, खरी होती, पण तासाभराचीच होती. तिसऱ्या दिवशी मी दुकानाच्या दारापर्यंत गेलो. आत काउंटरवर रांग होती, सहा-सात माणसं. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. ड्रॉ आहे, कुणी सांगावं, लागेलही, असं मनाशी म्हणालो. पॉइंट काही बुडत नाहीत, उलट एक वाढेल, एका वर्षाचा तर प्रश्न, असंही म्हणालो. काका पुढच्या वर्षाचं बोलत नाहीत हे मला पाठ होतं, तरी म्हणालो.

जुलैत निकाल आला. तिघांनाही नाही.

काकांचाच फोन आला. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं असेल. मला धीर देत होते. मग म्हणाले, नवल आहे, आठ पॉइंटला नाही लागला असं मी या भागात ऐकलं नाही. मी म्हणालो, यंदा अर्जच फार आले असतील, काका. ते म्हणाले, असेल. नशीब. आणि मी पण म्हणालो, नशीब. हा शब्द मी त्या दिवशी वापरला याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

आणि साडू? ऑगस्टमध्ये त्याला उत्तरेला, तेलाच्या खाणींकडे फोर्ट मॅकमरीला नोकरी लागली. चांगली लागली. सप्टेंबर-ऑक्टोबरात, मूसच्या ऐन मोसमात, तो तिथे तीन आठवडे काम आणि एक आठवडा सुट्टी अशा शिफ्टला होता. टॅग लागला असता तरी तो आला नसता. नंतर त्याने शिकारीचं नावही काढलं नाही. ते बूट तो कामावर घालायचा.

त्या हिवाळ्यात काकांची तब्येत झपाट्याने उतरली. गोळी घेतल्यावर मिळणारे चार तास दोनावर आले, मग हात कधी थांबेल आणि कधी नाही याचा भरवसा राहिला नाही. जानेवारीत ते घराच्या पायरीवर पडले, खुबा वाचला, पण त्यानंतर वॉकर आला. आवाज बारीक झाला. फोनवर मला दोनदा विचारावं लागायचं. मी दर शनिवारी जाऊ लागलो, ग्रोसरी आणून द्यायचो, पोळ्या नेऊन द्यायचो. बायको मंडळात सांगायची, किती करतो तो काकांचं. मी ऐकून घ्यायचो.

जूनमध्ये काका म्हणाले, माझा एकट्याचा अर्ज टाकून ये. मी टाकून आलो. नऊ पॉइंट. जुलैत लागला, लागणारच होता. त्यांनी मला दुकानात न्यायला लावलं, वॉकर घेऊन काउंटरपर्यंत गेले, टॅग स्वतःच्या हाताने घेतला. काउंटरवरच्या माणसाने अभिनंदन केलं. तो टॅग दुसऱ्या कुणाला देता येत नाही, ज्याचा टॅग त्यानेच मारायचं असा कायदा आहे. काकांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी म्हणाले, सप्टेंबरच्या शेवटी जाऊ, मी गाडीत बसेन, बघू तर खरं.

गेलो आम्ही दोघं. काकांच्या मुलाला कळवलं नाही. उत्तरेला पाच तास गाडी, गावातल्या मोटेलात मुक्काम, सकाळी उजाडता उजाडता जंगलात. तिथे गॅसच्या पाइपलाइनसाठी झाडं तोडून सरळ पट्ट्या केलेल्या असतात, मैलच्या मैल. अशा एका पट्टीच्या तोंडाशी काकांनी गाडी थांबवायला सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा कॅम्प इथून जवळ होता. त्यांना खाली उतरवून मी फोल्डिंग खुर्चीवर बसवलं, पायावर ब्लँकेट घातलं. बंदूक केसमधून काढून त्यांच्या शेजारी ठेवली. जमीन ओली, पाय घोट्यापर्यंत जात होता. वॉकर गाडीतच राहिला, तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी मला खूण केली, आवाज काढ. त्यांच्याच्याने आता तो निघत नव्हता. मी ओंजळ केली आणि हंबरलो. थांबलो. पंधरा मिनिटांनी पुन्हा. थंडीने माझे ओठ बधिर झाले होते. तिसऱ्या वेळी उत्तर आलं.

घोगरा, आखूड आवाज, पट्टीच्या डाव्या बाजूच्या झुडपांच्या पलीकडून. मग शिंगं फांदीवर घासल्याचा कडकडाट. काकांनी माझी बाही धरली. इतकी घट्ट की मला त्यांची थरथर दंडापर्यंत जाणवली. मूस पुढे येत नव्हता. झुडपांच्या मागे उभा होता, शंभर पावलांवर, फांद्या मोडत. असे असतात काही, समोर येत नाहीत, तुम्हाला जावं लागतं. वाऱ्याची दिशा चांगली होती. काकांनी खुर्चीच्या हाताला रेटा दिला आणि उठले. मी एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हातात बंदूक. पाच पावलं गेलो. सहावं पाऊल चिखलात रुतलं आणि ते निघेना. काका उभे राहिले, श्वास लागलेला, हात हलताहेत. बंदूक त्यांच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही तसेच उभे राहून ऐकत होतो. बऱ्याच वेळाने कडकडाट लांब गेला, मग बंद झाला.

"गेल्या वर्षी गेलो असतो रे," काका म्हणाले. माझ्यासाठी नव्हतं ते, झुडपांकडे बघून म्हणाले.

मग मी सांगितलं. तिथेच, त्यांचा पाय चिखलातून काढता काढता. ग्रुपचा नियम, साडूचं शून्य, सगळं. मान वर केली नाही. पाय निघाला, त्यांना मी खुर्चीवर आणून बसवलं, ब्लँकेट घातलं.  मला वाटलं ऐकू गेलं नाही की काय.

"तुला कळलं केव्हा?" त्यांनी विचारलं.

"डेडलाइनला तीन दिवस होते."

त्यांनी मान हलवली.  मग म्हणाले, साडूला टॅग हवा कशाला होता? एका मूसला टॅग एक पुरे. त्याला नुसतं बरोबर आणायचं, त्याने चहा केला असता, ओझं उचललं असतं, दहा जण आले तरी कायदा नाही म्हणत नाही.  हे मला सुचलंच नव्हतं. माणसाला बरोबर न्यायचं म्हणजे त्याचं नाव यादीत पाहिजे, याच्या पलीकडे माझी अक्कल गेलीच नव्हती.

"आणि मला का नाही सांगितलंस?" काका म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "तो घरचा, आणि मी परका होतो का?"

 उत्तर होतं माझ्याजवळ, पण ते तोंडातून काढायची हिंमत झाली नाही. ते परके असते तर मी त्याच दुपारी फोन केला असता. परक्या माणसाला मी तीन दिवस अंधारात ठेवलं नसतं, तो काय म्हणेल याची मला भीती वाटली असती. काका काही म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं.